उजव्या गुडघ्यात काही नाही

"उद्या लेकीचं स्कॅनिंग आहे," असं मी म्हटलं आणि सासूबाईंच्या हातातली कोथिंबिरीची जुडी ताटात पडली.

"कोणाचं?"

"तुमच्या नातीचं."

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "पुट्टीचं? आपल्या छोटीचं? देवा! किती महिने झाले?"

मला कळायला क्षणभर वेळ लागला. पुण्यात आम्ही सोनोग्राफी म्हणतो. बेंगळुरूत तिला स्कॅनिंग म्हणतात, आणि स्कॅनिंग म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट येते. सासूबाईंचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलं. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलंय की कुठला शब्द कुठला हे त्यांनाही सांगता येत नाही. त्यांच्या दृष्टीने स्कॅनिंगला जाणारी बाई म्हणजे पोटुशी बाई, मग ती सोळा वर्षांची नात का असेना.

"अहो, गुडघ्याचं!" मी जवळजवळ ओरडलेच.

"गुडघ्याचं स्कॅनिंग असतं?"

"असतं."

"सरी, बरं," त्या म्हणाल्या आणि कोथिंबीर निवडायला लागल्या. पण त्यांना पटलेलं नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "तरी कोणाला सांगू नको हं."

मी खूप हसले. संध्याकाळी मुलीला सांगितलं तेव्हा तीही हसली. मग सोफ्यावरून उठताना तिने हात टेकला, तोंड वाकडं केलं आणि हसू तिथेच थांबलं.

मुलगी बास्केटबॉल खेळते. उंची तिच्या बाबांकडची, चिकाटी कोणाकडची कोण जाणे, माझी तर नक्कीच नाही. मल्लेश्वरमला आमच्या घरामागे एक जुनं मैदान आहे, तिथे ती लहानपणापासून रोज संध्याकाळी जाते. मला त्या खेळातलं काही कळत नाही. चेंडू जाळीतून खाली पडला की टाळ्या वाजवायच्या, एवढं मी शिकून घेतलं आहे. पण ती उडी मारते तेव्हा मला सगळं कळल्यासारखं वाटतं. ती वर जाते आणि वरच जरा वेळ रेंगाळते, खाली यायची घाई नसल्यासारखी.

आदल्या वर्षी राज्याच्या मुलींच्या संघात ती येता येता राहिली होती. त्या दिवशी घरी आल्यावर ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि बादली भरून वाहायला लागली तरी बाहेर आली नाही. तिच्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं. निवडचाचणी थोड्या आठवड्यांवर आली होती, आणि नेमका याच वेळी गुडघा दुखायला लागला.

दुखायची जागा अगदी ठरलेली. उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली, वाटी जिथे संपते तिथे. ती नेहमी एकाच बोटाने दाखवायची, पूर्ण हात कधी ठेवायची नाही. जिना चढताना ठीक असायची, उतरताना कठड्याला धरून तिरकी तिरकी यायची.

"किती दुखतंय?" मी विचारायची.

"स्वल्प."

या शब्दाबद्दल मला इथे थोडं बोलायला हवं. मी पुण्याच्या एका प्रकाशकासाठी घरी बसून प्रुफं तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आणि, नवऱ्याच्या मते, माझा स्वभावही. माझ्या मराठीत 'स्वल्प' उरला आहे तो फक्त स्वल्पविरामात. कागदावर तो मी दिवसभर पेरत असते, तोंडाने कधी उच्चारत नाही. इथे मात्र अख्खं शहर स्वल्पावर चालतं. तिघांच्या बाकावर पाचवा माणूस बसतो तो 'स्वल्प' सरका म्हणून. प्लंबर 'स्वल्प' उशीर होईल म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी उगवतो. कोणी अगदी वाईट बातमी सांगायला आलं तरी आधी म्हणणार, स्वल्प बोलायचं होतं. या शब्दाचा अर्थ थोडं असा नाहीच. समोरच्याला त्रास नको म्हणून मोठ्या गोष्टीवर घातलेलं ते पांघरूण आहे. माझी मुलगी याच गावात वाढली. तिचं हे पांघरूण तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी व्याकरणाने अर्थ लावला. थोडं दुखतंय म्हणतेय, म्हणजे थोडंच असणार.

तिच्या बास्केटबॉलच्या सरांनीही तसाच अर्थ लावला. सर माणूस चांगला. भल्या पहाटे मैदानावर झाडू मारणारा, पोरींना घरचं केळं आणून देणारा. पण त्यांच्या लेखी दुखणं हा खेळाचाच भाग होता. "एल्लरिगू इरुत्ते, मॅडम," ते मला म्हणाले. सगळ्यांनाच असतं. आणि खरंच, जिला विचारावं तिचा गुडघा दुखत होता. एकीच्या दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या होत्या आणि ती हसत हसत धावत होती. सर तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बघा."

माझी मुलगी मात्र हसत नव्हती. एकदा म्हणाली, "सरांना वाटतं मी घाबरतेय. चाचणीला घाबरून कारणं सांगतेय."

"तुला कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे?"

म्हणून आम्ही जयनगरला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वाटीखाली अंगठा दाबला तशी ती टेबलावरून उडालीच. एका पायावर बसायला लावलं, उठायला लावलं. मग म्हणाले, टेंडन आहे. मराठीत त्याला कंडरा म्हणतात. हा शब्द मी प्रुफांत कितीदा तरी वाचला आहे, कोणाच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. वाटीला नडगीच्या हाडाशी बांधून ठेवणारी जाड दोरी. उड्या मारणाऱ्या मुलांची ती दुखते, डॉक्टर म्हणाले, आणि दोन्ही गुडघ्यांची सोनोग्राफी करून घ्या, तुलना करता येते.

मला एकदम बरं वाटलं. चला, आता दिसेल. एकदा कागदावर आलं की सर मानतील, बाबा मानतील, तिला घाबरट कोणी म्हणणार नाही. छापून आलेल्या गोष्टीवर माझा विश्वास फार. रोज त्यातल्या चुका काढते तरीही.

सोनोग्राफीचा माझा स्वतःचा अनुभव या मुलीच्याच वेळचा. तेव्हा पोटभर पाणी पिऊन, लघवी दाबून बसायला लावलं होतं, त्याशिवाय म्हणे नीट दिसत नाही. ते माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की सकाळी उठल्यापासून मी मुलीला पाणी पाजायला सुरुवात केली.

"आई, गुडघ्याला पाणी कशाला?"

"मशीनला दिसायला लागतं. मला शिकवू नकोस. तुझ्या वेळी मी अशीच बसले होते."

"पण तेव्हा मी पोटात होते. गुडघ्यात नव्हते."

"वाद घालू नकोस. पी."

ती प्यायली. बाटली संपली, मी दुसरी भरली. सासूबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या आणि त्यांची शंका हळूहळू पक्की होत होती. निघताना त्यांनी तिच्या हातावर साखर ठेवली आणि तिच्या डोक्यावरून दोनदा हात फिरवला.

रिक्षा निघाली आणि पहिल्या गतिरोधकावर मुलीने माझा दंड पकडला. दुसऱ्यावर डोळे मिटले. तिसऱ्यावर ती पुढे वाकून रिक्षावाल्याला काकुळतीने म्हणाली, "अण्णा, स्वल्प मेल्लगे!" जरा हळू. त्यानेही जरासा वेग कमी केला, पण रस्त्याला खड्डेच इतके, तो बिचारा काय करणार.

स्कॅनिंग सेंटरात बसायला जागा नव्हती. सगळीकडे पोटुश्या बाया, त्यांच्या पिशव्या सांभाळत उभे असलेले नवरे आणि भिंतीवर तो नेहमीचा फलक, इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही. मुलगी दोन्ही हातांनी ओटीपोट धरून, पुढे वाकून उभी होती. दिवस भरत आलेली एक बाई तिच्याकडे बघून उठली आणि तिला बसायला जागा दिली. आम्ही नको नको म्हणतोय तेवढ्यात मागून मराठीत आवाज आला, "अगंबाई, तुम्ही इकडे कुठे?"

आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एक बाई, सुनेला घेऊन आलेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीच्या हातांकडे, मग तिच्या पोटाकडे.

"हिचा गुडघा दुखतोय," मी म्हटलं.

"हो का?" त्या म्हणाल्या. मुलीचे हात काही पोटावरून हलेनात. "असं होय. गुडघा."

काही तरी सणसणीत बोलावं असं वाटलं, पण काय बोलणार? त्यांनी काही म्हटलंच नव्हतं. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने आमचा कागद पाहिला आणि विचारलं, "गुडघा ना? मग ही अशी का उभी आहे?"

मी पाण्याचं सांगितलं. तिने तोंडावर हात धरला, शेजारच्या मुलीला कानडीत काही तरी सांगितलं आणि दोघी टेबलाखाली वाकल्या. "मॅडम," ती डोळे पुसत म्हणाली, "गुडघ्यासाठी पाणी कोणी सांगितलं?" माझ्या मुलीने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी जमिनीतच गेले. मग ती लंगडत आणि धावत, दोन्ही एकाच वेळी, उजवीकडच्या बाथरूमच्या दाराने गेली. परत आली तेव्हा इतकी हसत होती की भिंतीला टेकावं लागलं. मीही हसले. पुढे बरेच दिवस आम्ही दोघी तशा हसलो नाही.

आतली खोली अंधारी आणि गारठलेली. डॉक्टरबाई स्वेटर घालून बसल्या होत्या. त्यांनी उजव्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, वाटीखाली ती थंडगार जेली लावली आणि हातातलं यंत्र तिथे टेकवलं. पडद्यावर करड्या रेषा आल्या, मागावर लावलेल्या ताण्यासारख्या, एकमेकींना समांतर आणि सरळ.

"ही तुझी टेंडन. बघ, किती सुरेख आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मुलगी पडद्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"इथेच दुखतं ना?" त्यांनी दाबलं.

"हो," ती दातांवर दात धरून म्हणाली.

"अगदी इथेच?"

"हो."

पडद्यावर त्या रेषा तशाच होत्या. एकही तुटलेली नाही, एकही वाकडी नाही. डॉक्टरबाईंनी यंत्र आडवं फिरवलं, उभं फिरवलं, रक्त कुठे वाहतंय ते दाखवणारा रंग चालू करून पाहिला. काही नाही. मग त्या डाव्या गुडघ्याकडे वळल्या, आणि तिथे मात्र त्या रेषा मध्येच पुसट झाल्या. एक काळसर डाग दिसला. रंग चालू केला तेव्हा डागात लाल ठिपके लुकलुकले.

"हा दुखत नाही?"

"नाही."

"कधीच दुखला नाही?"

"नाही."

माझ्याच्याने राहवेना. पुस्तकात दोन चित्रांखालच्या ओळींची अदलाबदल झालेली मी किती तरी वेळा पकडली आहे. मी म्हटलं, "डॉक्टर, तुमचं उजवं-डावं तर उलटं झालं नाही ना?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे यंत्र पुन्हा उजव्या गुडघ्यावर ठेवलं आणि मला म्हणाल्या, शेजारी बोटाने टिचकी मारा. मी मारली. पडद्यावरच्या त्या सुरेख, सरळ रेषा थरथरल्या. उलटं काहीच झालं नव्हतं.

"असं होतं," त्या म्हणाल्या. "खेळणाऱ्या मुलांमध्ये तर बऱ्याचदा दिसतं. इथे बिघाड असतो आणि मूल मजेत उड्या मारत असतं. कधी खूप दुखतं आणि इथे काहीच दिसत नाही. दिसतं तेवढं मी लिहिते. दुखणं काही या पडद्यावर येत नाही."

"मग हे मशीन कशासाठी?" मी फटकन बोलून गेले.

"काही फाटलेलं नाही, हे कळलं की नाही?" त्या म्हणाल्या आणि मुलीच्या हातात जेली पुसायला कागद दिला. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण मला तेव्हा त्यांचा फार राग आला. एवढ्या आशेने आलो होतो आणि बाई म्हणत होत्या सुरेख आहे.

परतताना रिक्षात मुलगी खूप वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "आई, म्हणजे मी खोटं बोलतेय का?"

"नाही गं."

"मग?"

मी म्हटलं, "पाणी पिणार?" तिने मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघायला लागली.

रिपोर्ट आला, आणि त्यातून ज्याने त्याने आपल्याला हवं ते उचललं. तिच्या बाबांनी ऑफिसातून फोनवर वाचून घेतला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणजे गंभीर काही नाही तर! सासूबाई म्हणाल्या, "गुडघाच निघाला ना? बास." सरांनी रिपोर्ट उन्हात धरून वाचला आणि त्यांचा चेहरा फुलला. "राइट नॉर्मल. गुड! लेफ्टमध्ये स्वल्प आहे, पण लेफ्ट दुखत नाही ना? गुड!" म्हणजे जो दुखत होता तो कागदावर चांगला, कागदावर बिघडलेला दुखत नव्हता, आणि सरांच्या हिशेबाने मुलीचे दोन्ही पाय ठणठणीत होते. मी त्यांना डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते समजावून सांगायला लागले. ते मान डोलावत होते. मग अगदी मायेने म्हणाले, "मॅडम, कधी कधी पोरींच्या डोक्यात बसतं."

त्याच संध्याकाळी मंडळातल्या त्या बाईंचा फोन आला. "सगळं ठीक ना? काही लागलं तर निःसंकोच सांगा हं. आमच्या ओळखीच्या एक डॉक्टर आहेत, फार समजूतदार आहेत, कुठे बोलणार नाहीत."

"गुडघ्याच्या?" मी विचारलं.

त्या जरा गडबडल्या. "हो, म्हणजे, गुडघ्याच्याच."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच चरफडत राहिले. जे नव्हतं ते एका झलकीत लोकांना दिसलं होतं, त्यासाठी मशीनही लागलं नाही. जे होतं ते पोरगी बोट ठेवून दाखवत होती तर कोणाला दिसत नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरांनी मात्र रिपोर्ट बाजूला ठेवला. दुखतंय ना, मग दुखतंय, ते म्हणाले. उड्या कमी करायच्या, भिंतीला पाठ टेकून खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं, मग हळूहळू वजन वाढवायचं. किती दिवस? सांगता येत नाही. चाचणी खेळू की नको? तेही सांगता येत नाही. खेळली तर दोरी तुटेल असं नाही, पण दुखणं चिघळेल, लांबेल. तुम्ही आणि तिने मिळून ठरवा. चेंडू असा आमच्याकडे फेकून ते पुढच्या पेशंटकडे वळले.

आम्ही काय ठरवणार? मला म्हणावंसं वाटे, जाऊ नकोस, आणि मग तो न्हाणीघरातला नळ आठवे. म्हणावंसं वाटे, खेळ, आणि ती जिन्यावर तिरकी उभी दिसे. बाबा म्हणाले, तिचा निर्णय तिला घेऊ दे, आणि हे बोलून त्यांनी आपली सुटका करून घेतली. मी रोज फ्रिजशेजारी भिंतीला पाठ टेकून बसलेली, थरथरणारी मुलगी बघायची आणि म्हणायची, "पाणी पी." दुसरं काही सुचायचंच नाही.

"गुडघ्याला?" ती सुरुवातीला चिडवायची. नंतर चिडवणंही बंद झालं. ग्लास घ्यायची, प्यायची, परत द्यायची.

आणखी एक गोष्ट झाली, जिची मला कल्पनाच नव्हती. ती डाव्या पायालाही घाबरायला लागली. तो बिचारा कधी दुखला नव्हता, अजूनही दुखत नव्हता. पण तिने तो डाग पाहिला होता. उडी मारून उतरताना ती उजवा वाचवायला जायची आणि डावा आठवून बिचकायची. स्कॅनिंगच्या आधी तिचा एक गुडघा दुखरा आणि एक चांगला होता. आता भरवशाचा एकही उरला नाही. मीच नेलं होतं तिला तिथे, आणि नेलं नसतं तरी काय केलं असतं ते मला आजही कळत नाही.

चाचणीच्या दिवशी सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. एका शाळेच्या मैदानावर सकाळी चाचणी होती. मी वरच्या पायरीवर बसले. चेंडू कुठे आहे, कोण कोणाला ढकलतंय, मला काही दिसत नव्हतं. मी फक्त तिचा उजवा गुडघा बघत होते. ती खेळली. काय खेळली! वर जायची, तशीच रेंगाळायची, आणि खाली आली की माझे पाय आपोआप आखडायचे. शेजारच्या एका पालकांनी मला विचारलं, तुम्हाला थंडी वाजतेय का?

दुपारी सगळ्यांना पायऱ्यांवर बसवून नावं वाचून दाखवली. तिचं आलं. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, सर माझ्यापर्यंत धावत आले. त्यांचे डोळे भरले होते. "मी सांगितलं होतं ना मॅडम, नॉर्मल!" त्यांचा आनंद खरा होता, त्यांच्याशी कोणत्या तोंडाने भांडायचं?

फोटोसाठी सगळ्या जणी खाली जायला निघाल्या. पायऱ्या उतरून त्या पोरी भराभर पुढे गेल्या. माझी मुलगी मागे राहिली. सगळ्यांची पाठ वळेपर्यंत ती थांबली, मग कठड्याला धरून तिरकी झाली आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, म्हातारीसारखी उतरली. खाली पोचली तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं. फोटोतही आहे. फोटो छान आला आहे.

संध्याकाळी ती सोफ्यावर आडवी झाली. तिचा पाय माझ्या मांडीवर होता, नॅपकिनमध्ये गुंडाळलेला बर्फ मी गुडघ्यावर धरला होता. पुढच्या आठवड्यात राज्य संघाचा कॅम्प सुरू होणार होता. सासूबाईंचा शेजारीपाजारी म्हैसूरपाक वाटून झाला होता.

"आनंद झाला ना?" मी विचारलं.

"झाला ना."

बर्फ वितळून माझी साडी भिजायला लागली.

"आई, तुला तरी दिसतंय का?"

मी बर्फ बाजूला केला. गुडघा होता गुडघ्यासारखा. सूज नाही, लाली नाही, लहानपणी सायकलवरून पडली होती त्याचा एक जुना पांढुरका वण, बस्स. डोळ्यांत तेल घालून चुका शोधणारी बाई मी, मला तिथे काही सापडेना.

"दिसतंय," मी म्हटलं.

"दाखव कुठे."

मी वाटीखाली एक बोट ठेवलं. अगदी टोकाशी, ती ठेवायची तिथेच. तिने श्वास आत ओढला आणि मान हलवली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आवाज न करता. मीही रडले. तिला जवळ घ्यायचं तर पाय हलवावा लागला असता, म्हणून तशीच बसून राहिले.

"सरांना फोन कर," ती म्हणाली.

"कॅम्पला नाही जायचं?"

"जायचंय. खूप जायचंय." तिने मनगटाने नाक पुसलं. "मला नाही जमणार, आई. मी त्यांना सांगायला गेले की माझ्या तोंडून भलतंच येतं. तू सांग."

"काय सांगू?"

"दुखतंय म्हणून सांग." ती थांबली. "आणि आई, स्वल्प म्हणू नकोस."

मी फोन लावला. सर आता म्हणणार, पण रिपोर्ट तर नॉर्मल आहे, हे मला ठाऊक होतं. पलीकडे अजून पोरींचा गलका चालू होता. त्यातून सरांचा तो आनंदाने फुटलेला आवाज आला, "हेळी, मॅडम!" सांगा.

मी डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि सांगायला लागले.